बाबांच्या आवाजातलं वाक्य

आई, मी एक फिल्म केली आहे. लग्नाची नव्हे. लग्नाच्या ढीगभर केल्या, पोटासाठी. नवरीच्या डोळ्यातलं पाणी आणि वरातीवर चढवलेलं गाणं आता डोळे मिटून जोडते. ही अकरा मिनिटांची आहे आणि तुझ्यावर आहे. तुझ्या आजारावर म्हण. ‘आजार’ हा शब्द तुझ्या हयातीत आपल्या घरात एका मावशीशिवाय कुणी उच्चारला नाही, आणि तुला जाऊन अठरा वर्षं झाल्यावर मी तो फिल्मच्या शेवटी मोठ्या अक्षरात लिहिला आहे. शनिवारी इथल्या वाचनालयाच्या सभागृहात ती दाखवायची आहे. चिपळूणहून मावशी येणार, आळीतल्या सगळ्याजणी येणार, बाबा पहिल्या रांगेत बसणार. आणि कालपर्यंत फिल्ममध्ये एक धडधडीत खोटं होतं. ते ठेवायचं की काढायचं, या घोळात चार दिवस मला घास गोड लागला नव्हता.

फिल्ममध्ये चेहराच नाही. नुसते हात, एक तांब्या आणि विहिरीजवळची पाणी साठवायची चिऱ्याची डोण. हात धुतात, पुसतात, थोडे थांबतात, परत धुतात. गोष्ट नाही, गाणं नाही. कच्ची जोडून बाबांना दाखवली तर म्हणाले, “हे बघायला कोण येणार गो? लग्नात निदान जेवण तरी असतं.” हात आहेत शाळेत शिपाई होत्या त्या काकूंचे. सकाळी नऊला सुरू केलं. कधी बांगडी मध्ये येई, कधी ऊन ढगात जाई, कधी पाण्याची धारच मनासारखी पडेना. मी आपली ‘पुन्हा एकदा’ म्हणत सुटले. अकरा वाजता काकू तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, “ताई, हात गार पडलं माझं. पयल्या येळी काय चुकला वो?” पहिल्या वेळी काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. कॅमेरा तिथेच बंद केला, आत गेले आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडले. तुला ते ‘पुन्हा एकदा’ तीस वर्षं आतून कोणीतरी म्हणत होतं. काकूंना मी दुपारी घरी सोडून आले, उरलेलं काम आहे त्यातच भागवलं.

लोक तुझं कौतुक करायचे, मला त्याचाच राग येतो. “सोवळं बघावं तर हिच्याकडे!” आळीत कोणाकडे नैवेद्याचा स्वयंपाक असला की आधी तुला बोलावणं. तू पहाटेपासून ओलेत्याने विहिरीवर उभी आहेस, ऊन डोक्यावर आलं तरी तेच तांदूळ धुते आहेस, आणि बायका म्हणतायत, “उशीर होतो, पण निष्ठा केवढी!” कसली निष्ठा आणि कसलं काय! हातांच्या भेगांतून रक्त यायचं तुझ्या. कोकमाच्या तेलाचं मुठेल वितळवून मी ते भेगांत भरायची, तेव्हा तू डोळे मिटून घ्यायचीस. एकदा असंच भरताना हळूच म्हणालीस, “मला थांबता येत नाही गो.” मी काय म्हणावं? “मग नको थांबूस, गणपती लवकर पावेल.” विनोद केला मी. तू हसलीसही. मग उठलीस आणि हात तेलकट झाले म्हणून धुवायला गेलीस.

सोवळ्याला भुलली नाही ती एकटी मावशी. नर्स ना ती. चिपळूणहून दोन दिवस राहायला आली होती, दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर बाबांना म्हणाली, “भावोजी, हे सोवळं नाही, आजार आहे. ताईला इथल्याच मनोरुग्णालयात दाखवा. गोळ्या असतात याच्यावर.” इथल्याच! बाहेरगावची माणसं आपल्या माणसांना घेऊन दोन-दोन गाड्या बदलून येतात तिथे, आणि आपल्याला रिक्षाने वीस मिनिटं. बाबा म्हणाले, “नेतो उद्या.” लगेच म्हणाले गं ते, एका शब्दाने आढेवेढे घेतले नाहीत. आणि मी, सव्वीस वर्षांची, चांगली पदवीधर, चहाचे कप उचलता उचलता म्हणाले, “आपल्या घरातलं कोणी त्या फाटकातून आत जायचं नाही.” आठ दिवसांनी पालीची माणसं मला बघायला येणार होती. तू दारात उभी होतीस, पदराला हात पुसत. म्हणालीस, “बरोबर आहे तिचं. तिचं होऊन जाऊ दे आधी.” पालीकरांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. पुढे दुसरीकडे जमलं, पाच वर्षांत मोडलंही. तुला न्यायचं राहिलं ते राहिलंच. एका पावसाळ्यात ओलेत्याने उभी राहून राहून छातीत कफ भरला आणि गेलीस.

त्या पालीकरांची तोंडंसुद्धा आठवत नाहीत मला आता.

फिल्ममध्ये बोललेलं वाक्य एकच, ते फाटकाचं. आणि ते होतं बाबांच्या आवाजात. माजघरात गोधड्या टांगून मी त्यांना माइकपुढे बसवलं आणि हातात कागद दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला. “हे मी नव्हतो म्हणालो.” मी म्हटलं, “फिल्म आहे बाबा ही. बापाच्या तोंडी जास्त शोभतं.” शोभतं म्हणे! जीभ कशी झडली नाही माझी. त्यांनी कागद मला परत दिला, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “दे. तुला या गावात अजून राहायचंय. माझं काय, पिकलं पान.” आणि पहिल्याच खेपेला असं करड्या आवाजात म्हणाले की मीच दचकले. उठताना गोधडी बाजूला सारत एवढंच बोलले, “तिला मात्र माहीत आहे हो, कोण म्हणालं ते.”

काल जेवून ते आडवे झाल्यावर त्यांचा आवाज काढून टाकला. गोधड्या परत टांगल्या आणि ते वाक्य मी म्हटलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही, शनिवारी कळेलच. आळीलाही कळू दे. आता कोण बसलंय मला बघायला यायला! हे पत्र तुला पोचायचं नाही, आणि दुसऱ्या कोणाला वाचायला द्यायची माझी छाती नाही. कॅमेऱ्याच्या पिशवीत खालच्या कप्प्यात राहील. पण एक कबूल करते. माइकपुढे बसताना मला वाटत होतं, आवाज कापेल, घसा दाटून येईल, निदान एखादा शब्द तरी अडखळेल, आणि ते ऐकून लोकांना माझी थोडी कीव येईल. तसं काहीच झालं नाही, आई. एकदाच म्हटलं आणि सरळ, खणखणीत आलं. त्या दिवशीही तसंच आलं होतं.