लोकरीला विटाळ नसतो

आई, उद्या प्रबंध विद्यापीठात द्यायचा आहे आणि सरांना त्यातलं विटाळाचं प्रकरण नको आहे. मध्ययुगातल्या संतस्त्रिया देवाबद्दल आणि स्वतःच्या शरीराबद्दल काय बोलल्या, हा माझा विषय. "परीक्षक जुन्या वळणाचे आहेत अम्मा, स्वल्प जपून," सर मला त्यांच्या कानडी ढंगात म्हणाले. "एवढं काढ, मी लगेच सही करतो." त्यांच्या सहीशिवाय प्रबंध कुणी घेणार नाही. टाइप केलेल्या प्रती तशाच उचलून मी जयनगरहून घरी आले, तर आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी. आज मी बाजूला बसायला हवं होतं. बसले नाही, घागरीतून पाणी घेतलं. "देवाला तुझी डिग्री वाचता येत नाही गं!" ती कडाडली. अण्णांनी पेपर तोंडासमोर धरला. तुझ्या वेळीही ते असाच धरायचे.

तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, पण मागचा व्हरांडा मला स्पष्ट आठवतो. तू चटईवर, शेजारी वेगळा तांब्या. तुला शिवायचं नाही. मात्र लोकरीला विटाळ नसतो, हा नियमही आत्याचाच. म्हणून तू खुणावतेस, "जा, स्वेटर घालून ये." भर एप्रिलात तो टोचरा निळा स्वेटर घालून मी तुझ्या मांडीत शिरते. पाठ घामाने भिजते. तू शेजारच्या मामींची नक्कल करतेस.

"स्वेटर आहे ना तिच्या अंगात?" आतून आत्या.

"आहे हो वन्सं, गळ्यापर्यंत!"

आणि तुझी बोटं माझ्या केसांत फिरत असतात. केसांवर कुठली आलीय लोकर? आपण दोघी तोंड दाबून हसतो.

ही प्रथा बाईला तिच्याच घरात परकी करते, असं मी लिहिलंय. ते खरंच आहे. पावसाळ्यात तू तिथे कुडकुडत झोपायचीस. ते प्रकरण मी काढणार नाही. सकाळी सरांना तसं सांगेन, मग सही होवो न होवो. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, पण ती तुला वगळून पुढे न्यायची नाही.

एक गोष्ट मात्र प्रबंधात नाही, आणि हा कागदही मी कुणाला दाखवणार नाही. एरवी तू स्टोव्हपासून हलायचीसच नाहीस. तुझी मांडी रिकामी असायची ती फक्त त्या दिवसांत. म्हणून देव्हाऱ्यासमोर हात जोडून मी मनात म्हणायचे, आई लवकर बाहेर बसू दे. देवाकडे मी मागितलेली पहिली गोष्ट तीच.