वाढत्या मापाची रायफल

बाबा, मला रायफल घ्यायची आहे आणि कुठली घ्यायची ते ठरत नाहीये. तुम्ही असतात तर आधी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे नीट बघितलं असतंत, मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला असतात की हिला आता कुणाला मारायचंय ते विचार. कुणालाच नाही. ही हवेवर चालते. बार नाही, धूर नाही, आवाज म्हणाल तर ऑफिसातल्या स्टेपलरपेक्षा थोडा मोठा. दहा मीटरवर कागद लावलेला असतो, त्यावर काळा गोल, आणि त्या गोलाच्या मधोमध पूर्णविरामाएवढा पांढरा ठिपका. शिशाचा बारीक छर्रा त्या ठिपक्यात घालायचा. घातला की दुसरा कागद. तुमची मुलगी पन्नाशीला आल्यावर हे करते हे बिल्डिंगमध्ये अजून कुणाला माहीत नाही.

मी अजून मुलुंडच्या त्याच शाळेच्या ऑफिसात आहे, जिथे तुम्ही मला चिकटवून दिलंत आणि म्हणालात, एकदा लागलीस की पुढे वाढशील. टेबल तेच आहे. शाळेने बेसमेंटमध्ये नेमबाजीची रेंज काढली, तेव्हा तिथल्या मुलांच्या फीच्या पावत्या घेऊन मला खाली जावं लागायचं. खिडकी नाही, छत बुटकं, रांगेत पाठमोरी उभी असलेली मुलं, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. दुसऱ्या कुणाला तिथे कोंडल्यासारखं होईल. मला वाटलं, इथे निदान सगळेच जागच्या जागी उभे आहेत. कोच म्हणजे पंचविशीतली भांडुपची पोरगी. मला ताई म्हणते आणि मग ताईला बिनदिक्कत झापते. एक दिवस तिने पावत्या घ्यायच्या आधी माझ्या हातात रायफल दिली. त्याला वर्ष होऊन गेलं. शाळा सुटल्यावर मी खाली जाते आणि आईजवळ ठेवलेली बाई निघायच्या आत वर येऊन घर गाठते, कारण आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला एकटं ठेवता येत नाही. ती बाहेरच्या खोलीत कॉटवर असते. तिच्या खिडकीतून पूर्वी डोंगर दिसायचा. आता समोर टॉवर उभा राहतोय, त्याची हिरवी जाळी दिसते. मी संध्याकाळी दार उघडून आत पाऊल टाकलं की माझा श्वास थोडा आखडतो. हे आईला कधी सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते.

तर रायफल. त्या रेंजवरच्या क्लबची रायफल सगळ्यांची असते, आज आपल्या गालाला जुळवून ठेवलेली उद्या दुसऱ्याने हलवलेली असते. जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचं तर स्वतःची हवी, असं कोचचं म्हणणं. क्लबात एक गृहस्थ येतात, चांगले सहा फूट, खांदा गेल्यामुळे ते आपली रायफल विकतायत. परदेशी, वजनदार, मोठमोठे नेमबाज वापरतात त्या जातीची, आणि नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. दुसरी आहे ती अंधेरीच्या दुकानात, हलकी, बुटकी, बांध्याने लहान असलेल्यांसाठी केलेली. शाळकरी मुलं तीच घेतात. क्लबात ज्याला विचारावं तो म्हणतो, ताई, मोठीच घ्या, उद्या स्टेटला गेलात तर हीच लागणार. आणि माझंही मन तिकडेच धावतं. कोचने मोठीचा बट, म्हणजे खांद्याला टेकवायचं मागचं टोक, माझ्या कोपराच्या खोबणीत ठेवला आणि म्हणाली, बोट ट्रिगरवर न्या. बटाची होती नव्हती ती लांबी आत ढकलूनही बोट पोचेना. उभं राहून धरली तर पुढून इतकी जड की पोट पुढे आणि पाठ मागे. तरी मी म्हटलं, सवय होईल. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले.

"ताई, स्टेट बिट नंतर बघू यार," ती म्हणाली. "रायफल आजच्या तुमच्यासाठी घ्यायची. उद्याच्या तुम्ही इथे आल्यात कुठे?"

बाबा, हे वाक्य आपल्या घरात कुणी कधी उच्चारलं असतं का? शाळेचा युनिफॉर्म घ्यायला आपण कुर्ल्याला जायचो. दुकानदार माझ्याकडे बघून एक काढायचा आणि तुम्ही त्याच्याकडे न बघताच सांगायचात, वाढत्या मापाचा द्या. मग आई खालून चार बोटं आत दुमडून टीप घालायची. दर जूनमध्ये एक दुमड सुटायची आणि जिथे ती होती तिथे गडद निळी रेघ राहायची. माझ्या झग्याच्या रेघा मोजून वर्गातल्या मुली सांगायच्या की हा कधीचा. सँडलच्या पुढे कापूस. चष्म्याची फ्रेमसुद्धा मोठी, ती नाकावरून घसरायची म्हणून मी मान वर करून चालायचे आणि बाई म्हणायच्या, ही मुलगी शिष्ट आहे. गॅदरिंगला नाचात होते, तेव्हा सगळ्यांचे फ्रॉक अंगासरशी शिवलेले आणि माझा पाठीकडून सेफ्टी पिनांनी आवळलेला. नाचताना एक पिन उघडून टोचत राहिली. घरी येऊन मी रडले, म्हटलं मला एक तरी माझ्या मापाचं पाहिजे. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, त्या दिवशीही नाही. फक्त ताटावरून उठलात आणि म्हणालात, "अंगाबरोबरचं घेणाऱ्यांची घरं वेगळी असतात." भात तसाच राहिला. पुढे मी कपड्यांबद्दल बोलले नाही.

आणि मेळा आठवतो? विक्रोळीला मैदानात पाळणे लागायचे, कोपऱ्यात फुगे फोडायचा स्टॉल. मी सात-आठ वर्षांची असेन. त्या माणसाकडे लहान मुलांसाठी छोटी बंदूक होती, त्याने तीच पुढे केली. तुम्ही म्हणालात, मोठी द्या. मोठी माझ्या हातात पेलेना, नळी खाली लोंबायला लागली, तेव्हा तुम्ही पुढे वाकून ती खालून तळहातावर धरलीत. तुमच्या शर्टाला कंपनीच्या ग्रीसचा वास येतो आहे. मी एक डोळा मिटते, चाप ओढते आणि लाल फुगा फुटतो. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटता, पोरीने फोडला. नेम कुणाचा होता देव जाणे. पण तेव्हापासून मी धरून चालले की मोठं हातात दिलं की आपण मोठं व्हायचं असतं. तुम्हाला माझ्याबद्दल तेवढी खात्री आहे, असं मला वाटायचं. मी पाच फुटांच्या अलीकडेच थांबले, ऑफिसातही टेबलाच्या पलीकडे गेले नाही, आणि शेवटी हॉस्पिटलात तुम्ही मला, आईला सांभाळ, असं म्हणालात त्याला हो म्हटलं, तेव्हा तो होही माझ्यापेक्षा मोठाच होता. मी अजून त्याच्यात मावतेय का ते बघत असते. चिडते कधीकधी, तुमच्यावर. तुम्ही नाही आहात त्यामुळे चिडायला सोपे पडता.

इथवर लिहून वही मिटली होती. मध्ये आठवडा गेला. त्या गृहस्थांनी मोठी रायफल आठवडाभर घरी वापरायला दिली, म्हणाले, वापरून बघा, मग बोलू. घरी रिकाम्या रायफलने सराव करायचा असतो. छर्रा नाही, हवा नाही. भिंतीवर ठिपका चिकटवायचा आणि धरून उभं राहायचं. आपल्या घरात सगळ्यात लांब सरळ रेघ आईच्या कॉटपासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत जाते. रिकामीसुद्धा माणसाकडे रोखायची नाही हा पहिला नियम, म्हणून मी कॉटला पाठ करून उभी राहायचे आणि आई मागून बघायची. रोज संध्याकाळी, कुकर लावून झाल्यावर. नेमबाजीचं ते कडक जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले, पुढे ओटा, मागे आई, आणि मधे मी हलायचं नाही म्हणून उभी. तुम्हाला वाटेल ही हौस आहे. मला त्या आठवड्यात वाटत होतं की मी स्वतःहूनच स्वतःला बांधून घेतलंय, आणि तेही दुसऱ्याच्या मापाने. कंबर भरून यायची. ठिपका दिसायचा, पण धरवायचा नाही.

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी आई म्हणाली, वाकडी रव्हतंस. मी म्हटलं, सवय होईल. तिने मला आणखी दोनदा रायफल उचलू दिली. मग म्हणाली, "ह्या तुझ्या मापाचा नाय." मला इतका राग आला की मी रायफल खाली ठेवली आणि वळून म्हटलं, माझ्या मापाचं या घरात कधी काय आलंय? बाबांनी जन्मभर मला मोठं घेतलं. मी वाढेन म्हणून. मी नाही वाढले, त्याला मी काय करू?

आई माझ्याकडे बघत राहिली, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याबद्दल बोलतेय.

"तू वाढतलंस म्हणान नाय गो," ती म्हणाली. "पुढच्या वर्सा कंपनी रव्हात की नाय, ह्या भयान."

मग तिने सांगितलं, तुकड्यातुकड्याने, मधे पाणी मागत. दर दिवाळीत कंपनीत कुजबुज असायची की यंदा माणसं कमी करणार. बोनस हातात आला की तुम्ही त्याच आठवड्यात सगळ्यांना घेऊन कुर्ल्याला जायचात, कारण पुढच्या वर्षीचं आत्ताच अंगावर चढलं तर ते कुणी काढून घेऊ शकत नाही. रात्री झोप लागायची नाही तुम्हाला. मला कळू नये म्हणून जिन्यात जाऊन बसायचात. कंपनी शेवटपर्यंत चालली, तुम्ही हार घालून घेऊन रिटायर झालात, आणि तरी ती भीती गेली नाही म्हणे. आई हे साध्या आवाजात सांगत होती, भाजीचे भाव सांगावेत तसं. मला वाटतं तिला वाटत होतं की मला हे माहीतच आहे.

मी त्या रात्री जेवले, आईला कूस बदलून दिली, भांडी घासली, आणि सगळा वेळ मला एकच गोष्ट कळत होती. माझ्या वाढण्याची कुणी वाट बघत नव्हतं. मी उगीचच जन्मभर कुणालातरी निराश करत आले होते. हलकं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. चिडायला तुम्ही होतात, तेही गेलात. जिन्यात बसलेल्या माणसावर कसं चिडणार? तुम्हीही अडकलेलेच होतात आणि शेजारच्या अंथरुणावर मी झोपलेली होते, आपण दोघांनी एकमेकांना त्यातलं काही सांगितलं नाही. मला तुमची दया आली, बाबा. तुम्हाला ती आवडली नसती, पण आली.

शनिवारी मोठी रायफल परत केली आणि कोचला घेऊन अंधेरीला गेले. दुकानदाराने आधी विचारलं, मुलीसाठी का? मी म्हटलं, नाही, मला. एवढं म्हणताना कान गरम झाले. त्याने हलकी रायफल काढली, बट कोपरात ठेवला, बोट चापावर आपसूक जाऊन बसलं. खांद्याला लावली, गाल टेकला, आणि मला पोट पुढे काढावं लागलं नाही. सरळ उभी होते. कोचने मान हलवली, जी ती सहसा हलवत नाही. मी ती घेतली. मला फार बरं वाटलं आणि त्याच वेळी रडू येईल असंही वाटलं, पण दुकानात गर्दी होती.

आता आई झोपलीय. तिने रायफल हातात घेऊन बघितली, ह्या बरा, म्हणाली, आणि परत दिली. उद्यापासून पुन्हा तोच ओटा समोर आणि तीच कॉट मागे, त्यात काही बदल झालेला नाही, होईल असं दिसतही नाही. फक्त उभी सरळ राहीन. हे पत्र पाठवायचं कुठे ते मला माहीत नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहून टाकते, जी कोचलाही खरी सांगितली नाही. रायफल माझ्या मापाला बसवताना दुकानदाराने बटामागच्या दोन काळ्या चकत्या काढल्या होत्या, उंच माणसाला लांबी वाढवायला लागतात त्या. या तुम्हाला कधीच लागणार नाहीत मॅडम, म्हणाला, इथेच ठेवू का? कोच ठेवा म्हणालीसुद्धा. मी हात पुढे केला. हरवायला नकोत म्हणून, असं तिला सांगितलं. घरी येऊन त्या रुमालात बांधल्या आणि तुमच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. मी वाढले तर असाव्यात म्हणून.