कोकंदच्या छताखाली खिवाचा पाहुणा

मी, उस्ता होशिमजान, वय एक्याऐंशी, धंदा छतांवर नक्षी रंगवणे, राहणार कोकंद, माझ्या मागे काय कोणाचे ते आज लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. माझ्या मुलाला त्याविषयी शंका असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचे दडपण नाही. हे लिहू नका, असे दडपण मात्र पुष्कळ होते.

१. घर, अंगण आणि जर्दाळूची झाडे मुलगा मिर्झोहिद याला. यातून दिवाणखाना वगळला आहे, त्याचे कारण खालीलप्रमाणे.

गेल्या शरदात माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. मी दवाखान्यात असताना माझ्या या कर्तबगार चिरंजीवाने दिवाणखान्यात प्लास्टिकचे छत ताणून बसवायला माणसे बोलावली. पांढरे, चकचकीत, मध्ये लुकलुकणारे दिवे. वर मी रंगवलेल्या तुळया आहेत, पण चिरंजीव म्हणतात, "दादा, ते फार जुनाट दिसतं."

त्याच वेळी कुरियोझ दारात आला. हा माझ्या धाकट्या बहिणीचा, झेबिनिसोचा, नवरा. तरुणपणी मशिदीच्या ओसरीची दुरुस्ती करायला खिवाहून आला आणि दुरुस्ती संपली तरी गेला नाही. तो खिवा घराण्याचा नक्काश. त्यांच्याकडे वेल एकदा वळायला लागली की तिला घरची वाट सापडत नाही, आणि निळा असा की भर उन्हाळ्यात वर पाहून हुडहुडी भरावी. आमच्या फरगाना खोऱ्यात लाल हा लाल असतो आणि फूल हे फूल म्हणून ओळखू येते. हे मी त्याला आयुष्यभर समजावले. अलीकडे बरीच वर्षे आमचे बोलणेही नव्हते.

तर कुरियोझने जोडे काढले, मानाच्या गादीवर बसला आणि सुनेकडे चहा मागितला.

"आतोबा, जरा उठता का? कामगार खोळंबलेत," मिर्झोहिद म्हणाला.

"मी पाहुणा आहे रे. तुमच्या कोकंदात पाहुण्याला उठवतात? आमच्या खिवात चहा देतात."

चहा द्यावा लागला. रात्री पुलावही. दुसऱ्या दिवशी पाहुणा तिथेच. तिसऱ्या दिवशी माणसे शिडी उचलून गेली. मला घरी आणले तेव्हा तो गादीवर आडवा पडून छताकडे बघत होता, तोंड वाकडे करून.

मी विचारले, "जन्मभर माझ्या कामाला नावं ठेवलीस. मग राखलंस कशाला?"

"नावं ठेवायला छत नको का?"

२. म्हणून दिवाणखान्यात बसून नावे ठेवण्याचा तहहयात हक्क कुरियोझला. चहा मिर्झोहिदने द्यावा, गरम.

३. प्लास्टिकची गुंडाळी अजून अंगणात पडून आहे. ती मिर्झोहिदलाच. जर्दाळू वाळवायला उत्तम.

४. माझा शिष्य इनोयात ताश्कंदला गेला आणि तिथे स्वयंभू झाला. मुलाखतीत गुरूचे नाव त्याला आठवत नाही. त्याला माझे सर्वांत बारीक कुंचले. ताश्कंदी नक्षी इतकी नाजूक असते की चूक कोणाच्या नजरेला पडत नाही. त्याला ते सोयीचे.

५. नक्षी छतावर उतरवायचे, टोचून केलेले सगळे खाके आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी भाची ओयपोश्शाला. हात माझ्यासारखा आहे. रक्त अर्धे खिवाचे, त्याला इलाज नाही.

६. दिवाणखान्याच्या छताचा कोपऱ्यातला एक खण कोरा आहे. लोकांना मी सांगत आलो की कामात नम्रता असावी म्हणून सोडला. खोटे आहे. बाहरिनिसा, माझी बायको, म्हणायची, "गावभर छतं रंगवता, आपल्या डोक्यावर मात्र धुराची काजळी." म्हणून रंगवायला घेतले. एक खण राहिला असताना ती गेली. मी परांचीवरून उतरलो तो पुन्हा चढलो नाही. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर कुरियोझने विचारले, "भाऊ, तो खण मी भरू?" मी म्हटले, "खिवाला चालता हो." अबोला तेव्हापासूनचा.

तो खण माझ्या मृत्यूनंतर कुरियोझने भरून घ्यावा. गुडघ्यांमुळे त्याला चढवत नाही. ओयपोश्शाने रंगवावे, त्याने खालून ओरडावे. निळा चालेल.

मृत्युपत्र साक्षीदारांसमोर वाचून दाखवले. कुरियोझला बोलावले नव्हते, तरी तो हजर होता. तो म्हणाला, "तू मरायची वाट कशाला बघायची? परांची बांध. आणि निळा मी आणतो, तुमच्या बाजारातला पाणचट असतो."

सबब कलम सहा मृत्यूनंतर नव्हे, येत्या सोमवारपासून लागू.

सही: होशिमजान
साक्षीदार: कंबराली (नानवाला), तोजिद्दिन (मोहल्ल्याचे वडीलधारे)
कोकंद, १४ मार्च २०१९