बोअरच्या पाण्यावरची मर्यादावेल

तीर्थरूप बाबा,
वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यातून तुमच्या लेकीचा साष्टांग नमस्कार.

बँकेतली ही बदली मले मानवली आहे. मासे खात नाई म्हणून घरमालकीण हसते, पण रोज वाटीभर सोलकढी आणून देते. माही काळजी करू नका.

सोबतच्या पुडीत मर्यादावेलीचं बी आहे. ही वेल इथं समुद्राच्या वाळूत पसरते. पान आपट्यासारखं, अन् फूल आपल्या नाल्यातल्या बेशरमासारखं. एकीचं नाव बेशरम अन् दुसरीचं मर्यादा! मी एकटीच हसत बसली. बी कानशीनं थोडं घासून रातभर भिजत घाला, मंग अंगणात लावा. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी वेल तगते, अन् आपल्या वरवटच्या बोअरसारखं खारं पाणीबी तिले चालते.

तेच सांगाचं होतं. शेजारचा धवल काल फोनवर म्हणे, बाबा फिल्टरच्या पाण्याची कॅन आईच्या मोगऱ्याले घालतात अन् सोता बोअरचं पितात. काऊन बाबा? डॉक्टरनं किडनीचं सांगतलं, तेबी तुम्ही माह्यापासून लपवलं. पायावरची सूज उतरली का?

आता बोअरचं पाणी वेलीले अन् कॅनचं तुमाले. मोगरा सुकला त सुकू द्या. आई जातानी मले "मोगऱ्याकडे पाह्यजो" नोती म्हणली. "तुह्या बाबाकडे पाह्यजो" म्हणली होती.

तुमच्यावर रागावलेली,
तुमचीच प्रतिमा