त्र्याहत्तर सालचा लाल कोंबडा

हा कागद वाचणाऱ्यांनो, आधी चष्मा शोधा. कपाळावरच असेल. तुम्हा मंडळींना काल काय जेवलात ते आज आठवत नाही, म्हणून मी, उस्तीना ओनुफ्रीइव्ना देर्काच, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार कालिनोवी ब्रिद, साखर कारखान्यामागची तिसरी गल्ली, माझ्या मागे कोणाला काय मिळावं हे सांगून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही. केली असती तर तो आज लंगडत असता. मला अक्षरओळख नाही. शिकायच्या वयात लढाई होती, लढाई संपली तेव्हा गायी होत्या. लिहिते आहे माझी नात झोर्याना. ती माझं बोलणं सुधारून लिहिते, असा मला संशय आहे.

कलम पहिले. राहतं घर मुलगी हान्ना हिला. गळकं छप्पर जावयाला. दहा वर्षं तो "उद्या बघतो" म्हणतोय. आता स्वतःचं म्हणून बघू दे.

कलम दुसरे. शेळी शेजारीण याव्दोखाला. तिने माझी लोणच्याची बरणी नेली त्याला सत्तावीस वर्षं झाली. शेळी लाथा मारते, हे तिला सांगू नये.

कलम तिसरे. एकोणसाठ रुश्निक, म्हणजे मी भरलेले लांब टॉवेल. आमच्या 'त्सुक्रोविक' फुटबॉल क्लबाचा १९५० पासूनचा प्रत्येक हंगाम त्यांवर आहे. सामना जिंकलो की लाल कोंबडा, हरलो की काळा, बरोबरी झाली की नुसतं पान. घरचे सामने वरच्या ओळीत, बाहेरचे खालच्या. क्लबाच्या कचेरीतल्या वह्या उंदरांनी खाल्ल्या. ब्याण्णव साली क्लब पगारी झाला, तेव्हा अध्यक्ष प्लातोन माझ्याच दारात आला आणि क्लबाचा सगळा इतिहास माझ्या कोंबड्यांवरून उतरवून घेऊन गेला. पगारी झाल्यापासून एकदा वरच्या गटात चढलो, एकदा खाली आलो. चढायला सहा वर्षं लागली, उतरायला एक. तो टॉवेल कावळ्यांचा वाटतो.

हे सगळे रुश्निक क्लबाला. मात्र एका अटीवर.

कलम चौथे, म्हणजे ती अट. झोर्याना, मान वर करू नकोस, लिही.

त्र्याहत्तर साली पोक्रोवाचा, म्हणजे देवमातेचा सण रविवारी आला. त्याच दिवशी घरच्या मैदानावर वीटभट्टीच्या संघाशी सामना होता. सणाला सुई धरायची नाही, आणि सोमवारी पहाटे मला भाचीच्या लग्नाला निघायचं होतं. वीटभट्टीवाले सबंध वर्षात एकही सामना जिंकले नव्हते. मी शनिवारीच लाल कोंबडा भरून टाकला.

रविवारी आपण एक-चार हरलो. गोलात आमच्या कुंपणापलीकडचा युखीम होता, पंचेचाळिशीतही गोल सोडत नव्हता.

भरलेला टाका उसवला की घरातलं माणूस दुरावतं, असं माझी आई सांगायची. माझा नवरा तेव्हा खाणीत उतरायचा. मी उसवला नाही. आता मैदानाच्या दारावर प्लातोनने ठोकलेली पाटी आहे: '१९७३, घरच्या मैदानावर एकही पराभव नाही.' अख्ख्या गावात एकटा युखीम म्हणत राहिला की हे खोटं आहे.

"चार गोल मी खाल्लेत. मला विचारा!" असं तो त्या पाटीखाली उभा राहून ओरडला होता.

प्लातोन म्हणाला, "आजोबा, वय झालं. उस्तीनाआजीचा टॉवेल बघा, लाल आहे."

सगळे हसले. युखीमने माझ्याकडे पाहिलं. "उस्तीना, तू होतीस ना तिथे? सांग यांना."

मी म्हटलं, "सूर्यफुलाची बी अडकली घशात," आणि खोकत खोकत घरी आले. तेव्हापासून गावात त्याला 'विसराळू युखीम' म्हणतात. त्याच्यासारखी स्मरणशक्ती गावात दुसऱ्या कोणाची नाही.

तर अट अशी: मी गेल्यावर तो कोंबडा युखीमसमोर उसवावा, काळा भरावा, पाटी बदलावी, आणि चूक माझी होती हे प्लातोनने मोठ्याने वाचावं. नाही केलं, तर सगळे रुश्निक वीटभट्टीच्या संघाला द्यावेत. निदान त्यांना तो सामना आठवत असेल.

मी झोर्यानाला विचारलं, "लिहिलंस?"

"लिहिलं. पण आजी, युखीमआजोबा एक्याऐंशीचे आहेत. तेच आधी गेले तर?"

"तो कशाला जातोय? चिवट आहे मेला."

"आणि गेले तर?"

मी जिवंतपणी कबूल केलं, तर हा माणूस रोज सकाळी कुंपणावरून टोमणे मारणार. हे मला ठाऊक आहे. म्हणून तर मरणानंतरची सोय बघत होते. खोडू नकोस, पोरी. खाली लिही: कलम चौथे माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून लागू.

लिहून घेणारी: झोर्याना.
साक्षीदार: नर्स लुकेर्या बोन्दार, पोस्टमन मार्को हुल्को (सह्या).
उस्तीना देर्काच हिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा.
कालिनोवी ब्रिद, ११ जुलै २००९.

अंगठा उठवल्यावर सुचलेलं: झोर्याना, हा कागद घेऊन युखीमकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. चेरी भरलेले वारेनिकी ने, उकडून गरम गरम, वर आंबट साय घालून. बटाट्याचे नकोत, ते त्याला रोजचेच. आणि त्याने दोन तोंडात घातल्याशिवाय वाचायला सुरुवात करू नकोस. तोंड भरलेलं असलं की त्याला शिव्या देता येत नाहीत.