नागपंचमीला पाना

लोणावळा. नागपंचमी, सन १९४१. दिवेलागण.

डोकं अजून तापलंय. नातू म्हादूच्या जुन्या भाड्याच्या मोटरीचा गेर कवापासून गुरगुरतोय. आज सातव्या म्हयन्यातल्या नातसुनेला तिच्यातनंच उर्से गावाला म्हायेरी न्यायचं होतं. म्हटलं, आधी गेरबाक्सातलं तेल बघ. तर म्हणतो, "आजे, आज नागपंचमी. पाना लावायचा न्हाई."

आज चिरू नये, नांगरू नये, एवढं मला ठावं हाय. पान्याचं ह्याला कुणी सांगितलं? आन् पोटुशी बाय वाटंत अडकली तर?

मीच मोटरीतली पायाखालची फळी काढली, पाना लावून गेरबाक्साच्या बाजूचा नट सोडला, बोट घातलं. कोरडं. तेल भोकाच्या काठाला पायजे, हे हाच गावभर सांगत फिरतो. आन् बोट कोरडं. डब्यातलं तेल काठाला येईस्तोवर ओतलं. हा बाजूला उभा. "पाप लागंल, आजे."

"लागू दे. तू नुसता चालव."

आत्ता नातसुनेला पोचवून आला. पाटावर बसत म्हणतो, "गेर जरा बी गुरगुरला न्हाई. नागोबानंच राखलं."

त्याच्या म्होरलं पुरणाच्या दिंडांचं ताट उचललं. म्हटलं, "मग जेवाण बी त्यालाच माग."