डोळ्यांचा डबा

डॉक्टर, मोताळ्याच्या दवाखान्यात मी तुमचा कंपाउंडर होतो, तेव्हा नेत्रदान म्हटलं की लोक दचकायचे. तरी एका शेतकऱ्याने आपल्या आईची शेवटची इच्छा पाळली. तुम्ही तिचे डोळे काढून काचेच्या बाटलीत ठेवलेत; एस.टी.ने मलकापूर आणि तिथून रेल्वेने शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचे होते. बर्फाचा डबा भरायला मला सांगितलंत. आमचा घरचा धंदा कुल्फीचा, बर्फात खडेमीठ टाकलं की गारठा वाढतो हे मला लहानपणापासून ठाऊक. तुम्हाला न विचारता दोन मुठी टाकल्या आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. चार दिवसांनी पत्र आलं: डोळे गोठले, बसवता आले नाहीत.

"डोये हायेत का कुल्फी बे? काऊन टाकलं मीठ?" तुम्ही विचारलंत. मग म्हणालात, "त्या मानसाले जाऊन खरं सांग. मंग डबा सुदार."

डबा मी सुधारला, हे छाती ठोकून सांगतो. खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणायचे, डबा भरून कंडक्टरच्या हवाली करायचा आणि मलकापूरहून फिरून आला की उघडून पाहायचा. कंडक्टर नाक मुरडायचा, पण न्यायचा. चौथ्या खेपेला जमलं. मीठ नाही, बाटलीभोवती कापसाचा जाड थर, त्याच्या बाहेर बर्फ, आणि सगळ्यांत बाहेर लाकडाचा भुसा. पुढे एका मास्तरांचे डोळे त्यातून गेले आणि दोघांना दिसू लागलं. ते पत्र वाचून तुम्ही बराच वेळ चष्मा पुसत बसलात. त्यानंतर आपल्या डब्यातला एकही डोळा वाया गेला नाही.

एक सांगायचं राहिलंय. त्या शेतकऱ्याकडे मी गेलो होतो. तो डवरणीचं औत सोडून बांधावर येतो आणि मी तोंड उघडायच्या आत विचारतो, "मायचे डोये लागले ना कोनाले?" मी म्हणतो, "हाव." तुम्हाला मात्र येऊन सांगितलं की खरं बोलून आलो. पुढे कित्येक वर्षं तो बाजाराच्या दिवशी मला गाठून चहा पाजायचा आणि विचारायचा, "आज काय पाहून राह्यली असंल माय?" मी दर वेळी काहीतरी नवीन सांगायचो. तुम्ही आज असतात, तरी हे पत्र तुमच्या हातात द्यायची हिंमत मला झाली नसती.